नाव गेलं, नंबर राहिला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी स्टोअर सांभाळतो, तिथं माझ्या टेबलाखाली एक काळा डबा आहे. किती वर्षं तो तिथं घरघरतोय कुणास ठाऊक. त्याच्यावर पाय टेकून मी कितीतरी दुपारी जेवलोय. तो सर्व्हर आहे एवढं माहीत होतं, खरं त्याच्याशी माझं नातं भट्टीशी असतं तेवढंच. चालू असली की आपलं काम चालतं, बघणारा माणूस वेगळा. तो बघणारा मुलगा गेल्या पावसाळ्यात नोकरी लागून बेंगळुरूला गेला आणि मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "आता तूच बघ. तुझ्याच टेबलाखाली आहे की."

माझी पात्रता एवढीच. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलो, बी.कॉम. केलं, आणि एक्सेल बऱ्यापैकी येतं.

पहिल्याच दिवशी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून नाव टाकलं. पासवर्ड विचारला. टाइप करायला लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही. कीबोर्डची वायर काढून परत लावली, शेजारच्या टेबलावरचा कीबोर्ड आणून बघितला, दर वेळी खिडकी नव्यानं उघडून. असं तीनदा झाल्यावर चुकून एंटर दाबला गेला आणि आत घेतलं. तो पासवर्ड उमटू देतच नाही. मागं उभ्या माणसाला तो किती अक्षरांचा आहे हेसुद्धा कळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशीचा घोटाळा मात्र मोठा होता. एक फाइल उघडून वाचत होतो आणि एक्सेलच्या सवयीनं हात कंट्रोल-एसवर गेला. पडदा थिजला. काही दाबलं तरी ढिम्म हलेना. दहा मिनिटं वाट बघितली, मग खाली वाकून डब्याचा प्लग काढला आणि परत लावला. टीव्हीला करतो तसं.

एका मिनिटात चारी बाजूंनी आरडाओरडा. अकाउंट्समधून, फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करतात त्या खात्याच्या) सुपरवायझरकडून, गेटवरून. डिस्पॅचचे साहेब गोकाककडचे, कन्नड माणूस, ते तर उठून माझ्या टेबलापाशीच आले. "एन्री! चलन अर्धं भरलंतं माझं!" एन्री म्हणजे 'काय हो'. माझ्या टेबलाखालच्या डब्यावर त्या वेळी माझ्याशिवाय चौघंजण काम करत होते, हे मला तेव्हा कळलं. डबा परत उठायला वीस मिनिटं लागली. उठताना तो स्वतःची डिस्क तपासत होता आणि मी त्याच्याकडं हातपाय गळालेल्या माणसासारखा बघत होतो.

त्या संध्याकाळी खानापूरची बस सोडून दिली आणि टिळकवाडीत तिसऱ्या गेटजवळ राहणाऱ्या काकांकडं गेलो. काका म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मित्राचे वडील. बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. नव्वदीच्या दशकात त्यांच्या शाखेत एका खोलीत युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं एक मशीन असायचं आणि काउंटरवर नुसते पडदे आणि कीबोर्ड. त्यांना डंब टर्मिनल म्हणायचे. सगळं सांगून झाल्यावर काका पोट धरून हसले.

"अरे बाबा, ते हँग झालं नव्हतं. तूच त्याला थांब म्हणालास."

त्यांनी सांगितलं ते असं. हे सगळं सुरू झालं तेव्हा समोर पडदाच नव्हता. टेलिटाइप नावाचं कागदावर छापणारं यंत्र असायचं. पलीकडून मजकूर भराभर आला तर 'जरा दम धर' म्हणायची खूण म्हणजे कंट्रोल-एस, आणि 'चालू दे' म्हणायची कंट्रोल-क्यू. यंत्रं गेली, खुणा राहिल्या. एक कळ दाबायची ती मी प्लग उपटला होता.

"आणि तुला वाटलं तो डबा तुझा आहे," काका म्हणाले. "टेबल तुझं असेल. तो वाडा आहे, त्यात बिऱ्हाडं आहेत."

मग त्यांनी वहीच्या पानावर तीन प्रश्न लिहून दिले. मी कोण? मी कुठं आहे? हे कोणाचं? म्हणाले, आत गेल्यावर काही करायच्या आधी हे तिन्ही विचारायचे. पहिल्याला 'हू-ॲम-आय', दुसऱ्याला 'पीडब्ल्यूडी', तिसऱ्याला 'एलएस' आणि पुढं डॅश-एल. पीडब्ल्यूडी ऐकून मला रस्ते खातंच आठवलं. 'प्रिंट वर्किंग डिरेक्टरी', म्हणजे आत्ता कुठल्या फोल्डरात आहेस, असं ते म्हणाले खरे, पण माझ्या वहीत अजून त्याच्यापुढं 'रस्ता कुठला' असंच लिहिलेलं आहे. हे कोणाचं, हा प्रश्न आमच्या भागात १९५६ पासून चालू आहे आणि त्याचं उत्तर सुप्रीम कोर्टात अडकलंय. मशीन मात्र एका ओळीत सांगतं.

पुढचे तीन महिने मंगळवार आणि शुक्रवार मी काकांकडं जात होतो. घरी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर डब्यातल्यासारखंच चालणारं उबुंटू घालून घेतलं, म्हणजे चुका तिथं करता येतील.

आज्ञांची नावं एवढी तुटकी का, हा माझा सुरुवातीचा राग. कॉपीला सीपी, मूव्हला एमव्ही, लिस्टला एलएस. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला आधीच इंग्रजी जड, त्यात त्याचेही स्वर खाल्लेले. काकांचं उत्तर परत टेलिटाइपच. ते यंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापायचं आणि कळा दाबायला जोर लागायचा. १९६९ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं ते असल्या यंत्रांसमोर बसून. आपल्याकडं तारेत शब्दाला पैसे पडायचे तेव्हा 'फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली' एवढंच लिहायचे, तसलाच प्रकार. आमच्या डब्यात आहे ते लिनक्स. ते १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं, हेलसिंकीत शिकत असताना, नव्यानं लिहिलं. वळण मात्र जुन्याचंच. हे कळल्यावर राग गेला. पाठांतर काही कमी झालं नाही.

'मॅन' ही आज्ञा मात्र मला कुणी आधी सांगायला हवी होती. कुठल्याही आज्ञेच्या आधी मॅन लिहिलं की तिची माहिती उघडते. पहिल्यांदा ती पानं कोर्टाच्या कागदासारखी वाटली. काकांनी एकच किल्ली दिली. चौकटी कंसात असेल ते घातलं नाही तरी चालतं, कंसाबाहेरचं घालावंच लागतं. तेवढ्यावर निम्मं पान वाचता यायला लागलं. 'व्हीआय' या एडिटरबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यातून बाहेर पडायला एस्केप, मग कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह. एवढं मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलंय, अजून काढलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्या एलएस डॅश-एलच्या ओळीवर. ओळीच्या सुरुवातीला दहा खुणांची माळ असते. पहिली खूण फाइल आहे की डिरेक्टरी ते सांगते. उरलेल्या नऊ, तिनाच्या तीन गटांत. पहिला गट मालकाचा, दुसरा त्याच्या ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. प्रत्येक गटात आर म्हणजे वाचायचा हक्क, डब्ल्यू म्हणजे लिहायचा, एक्स म्हणजे चालवायचा. हक्क नसेल तिथं डॅश. आकड्यांत सांगायचं तर वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १. म्हणजे ६४० चा अर्थ मालकानं वाचावं-लिहावं, ग्रुपनं नुसतं वाचावं, बाकीच्यांनी तोंड बघावं.

हे मला पटकन समजलं, कारण आमच्या गावच्या घरात तेच आहे. माजघर आमचं, पडवीत भाऊबंदांनी यावं, ओट्यावर कुणीही बसावं. अडलं ते पुढं. लॅपटॉपवर एक फाइल केली, तिचे लिहायचे सगळे हक्क काढून घेतले, आणि दुसऱ्या खात्यातून ती पुसून बघितली. गेली! विचारलं एकदा, 'काढू का?' म्हणून, आणि हो म्हटल्यावर गेली. मी काकांना फोन लावला की ह्या मशीनचे हक्क खोटे आहेत.

काका म्हणाले, "तू स्टोअरकीपर ना? रजिस्टरचा विचार कर."

आणि खरोखर, ते स्टोअरच्या माणसाला कळावं असंच आहे. डिरेक्टरी म्हणजे खोली नव्हे, ते रजिस्टर आहे. त्यात ओळी असतात, अमुक नावाचा माल अमुक ठिकाणी. फाइल पुसणं म्हणजे मालाला हात लावणं नव्हे, रजिस्टरमधली ओळ खोडणं. मग हक्क कुणाचा बघायचा? रजिस्टरवर लिहिण्याचा. बेंटोनाइटच्या पोत्याला कितीही कुलपं लावा, इनवर्डचं रजिस्टर उघड्यावर ठेवलं असेल तर पोतं कागदोपत्री गायब करता येतं. हे मी फाउंड्रीत डोळ्यांनी बघितलेलं होतं. त्या डिरेक्टरीवर मी सगळ्यांना लिहायचा हक्क दिलेला होता, म्हणून फाइल गेली.

आणि असा हक्क मी कुठं कुठं दिलेला होता? सगळीकडं. फाउंड्रीत पहिल्या आठवड्यात कुणालाही 'परमिशन डिनाइड' आलं की मी इंटरनेटवर वाचलेला उपाय करायचो, ७७७. सगळ्यांना सगळं. तक्रारी बंद, मालक खूश. काकांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाड्यात दार वाजतंय म्हणून सगळी दारं काढून ठेवलीस होय?" पुढचे दोन रविवार मी दारं बसवण्यात घालवले. स्टोअरचा एक ग्रुप, अकाउंट्सचा एक, डिस्पॅचचा एक. त्यात डिस्पॅचच्या साहेबांना दुसऱ्या ग्रुपात घालताना आज्ञेतला डॅश-ए विसरलो आणि ते नव्या ग्रुपात गेले ते आधीच्या सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडून. सोमवारी सकाळी त्यांना त्यांचीच चलनं दिसेनात. परत 'एन्री'.

साहेबांशी गट्टी जमली ती 'राइट' आज्ञेमुळं. 'हू' म्हटलं की आत कोण कोण आहे ते दिसतं, आणि राइट म्हणून नाव टाकलं की त्याच्या पडद्यावर थेट आपला मजकूर उमटतो. त्यांचं मराठी बोलण्यापुरतं, माझं कन्नड बसमध्ये तिकीट काढण्यापुरतं, आणि पडद्यावर तर दोघांनाही रोमन अक्षरंच. मी पहिला निरोप पाठवला, 'चहा आला'. उत्तर आलं, 'बंदे'. म्हणजे आलोच. महिनाअखेरीला ते 'मेसेज एन' म्हणून माझे निरोप बंद करून टाकतात. तेही या मशीनमध्ये पहिल्यापासून आहे, शेजाऱ्याला दार लावून घ्यायचा हक्क.

आता ते सांगावंच लागेल. दिवाळीच्या आधीचा शनिवार. जुन्या बॅकअप फाइलींनी डिस्क भरत आली होती. त्या सगळ्यांच्या नावाच्या शेवटी 'डॉट बॅक' असतं. मी रूट होऊन बसलो होतो, म्हणजे ज्याला कुठलंच दार अडवत नाही तो. लिहायची होती पुसायची आज्ञा 'आरएम', मग स्टार आणि त्याला चिकटून डॉट बॅक. मी स्टार आणि डॉटच्या मध्ये एक स्पेस दिली.

त्या स्पेसनं अर्थ बदलला. आधी स्टार, म्हणजे इथलं सगळं. मग डॉट बॅक नावाची एक फाइल. मशीननं सगळं पुसलं आणि मग तक्रार केली की डॉट बॅक नावाची फाइल काही इथं सापडत नाही. एवढीच तक्रार! 'नक्की का?' विचारलं नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकलं नाही. पुसलं ते पुसलं. मी त्या ओळीकडं बघत बसलो आणि कानात डब्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

वाचलो ते गेलेल्या मुलामुळं. त्यानं रात्री दोन वाजता आपोआप बॅकअप घेण्याची सोय करून ठेवली होती. बाहेरच्या डिस्कवर आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं सापडलं. शनिवारचे जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदी, मात्र गेले होते. ते मी कागदी चलनांवरून रात्री नऊपर्यंत परत भरले. ग्राइंडिंग व्हील, कोल डस्ट, पिग आयर्नच्या दोन गाड्या. काकांना सांगायला गेलो तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, "रूटचं काम असेल तर रूट हो, काम झालं की खाली उतर. शिडीवर बसून जेवायचं नसतं." तेव्हापासून 'सुडो' लावून, म्हणजे तेवढ्यापुरतं रूट होऊन, एकेकच आज्ञा देतो. आणि स्टार वापरायचा असेल तर आरएमच्या जागी आधी एलएस लिहून बघतो, काय काय सापडतंय ते.

त्याच मुलाचं खातं मी दिवाळीनंतर काढून टाकलं. माणूस नाही तर खातं कशाला. दुसऱ्या दिवशी रिपोर्टांच्या डिरेक्टरीत बघतो तर जिथं जिथं मालक म्हणून त्याचं नाव होतं, तिथं तिथं नुसतं १००६. मला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. मशीनला नावाचं कौतुक कधी नव्हतंच. फाइलीवर मालकाचा नंबरच लिहिलेला असतो. 'ईटीसी' डिरेक्टरीत 'पासडब्ल्यूडी' नावाची फाइल आहे, त्यात कुठला नंबर म्हणजे कोण याची यादी असते. एलएस आपल्या सोयीसाठी त्या यादीत बघून नाव दाखवतो. यादीतून मी नाव काढलं, फाइलीवर नंबर राहिला. (त्या फाइलीचं नाव पासवर्डचं, पण पासवर्ड त्यात नसतात. पूर्वी असायचे, सांकेतिक रूपात. फाइल सगळ्यांना वाचता येते म्हणून ते 'शॅडो' नावाच्या दुसऱ्या फाइलीत हलवले.)

मी म्हटलं राहू दे, १००६ तर १००६. पुढच्या सोमवारी स्टोअरला एक नवा मुलगा आला, येळ्ळूरचा. त्याचं खातं उघडून दिलं. तासाभरानं तो माझ्याकडं आला.

"सर, ह्या फाइली माझ्या नावावर कशा? मी तर आज सकाळी आलोय."

मला काही कळेना. त्याच्या पडद्यावर बघितलं तर दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टांवर मालक म्हणून त्याचं नाव. मग उजेड पडला. गेलेल्या मुलाचा नंबर यादीत शेवटचा होता. तो काढल्यावर मशीनच्या लेखी पुढचा रिकामा नंबर १००६, तोच त्यानं नव्याला दिला. आणि नंबराबरोबर गेलेल्याची सगळी इस्टेट. पोरानं प्रामाणिकपणे येऊन विचारलं म्हणून बरं. रात्रीच्या बॅकअपची आज्ञासुद्धा त्या इस्टेटीत होती.

'चोन' नावाच्या आज्ञेनं त्या फाइली स्टोअरच्या खात्यावर चढवल्या. आणि धडा घेतला की माणूस गेला तर खातं काढायचं नाही, कुलूप लावून ठेवायचं. नंबर अडलेला बरा. आता दर महिन्याला 'फाइंड'ला 'नोयूझर' सांगून बेवारस फाइली शोधतो. बऱ्याचदा काही निघत नाही.

या नंबरच्या गोष्टीचा मला दुसरीकडं उपयोग झाला. पार्ट्यांची यादी. आमच्याकडून कास्टिंग घेणारे आणि आम्हाला माल देणारे, सगळ्यांची नावं, गाव, पिन. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या माणसांनी भरलेली. मालकांना गावानुसार येणं किती ते हवं होतं. मी गावाचा रकाना 'कट'नं वेगळा काढला आणि सारख्या ओळी एकदाच दाखवणाऱ्या 'युनिक'कडं दिला. तीच तीच नावं परत परत. युनिकवर चिडलो, मग मॅन वाचलं. युनिकला फक्त शेजारी उभं असलेलं सारखं दिसतं. रांगेत मध्ये दुसरा कुणी आला की त्याला परत नवीन वाटतं. म्हणून आधी 'सॉर्ट', मग युनिक. ह्या आज्ञा एकीतून दुसरीत ओतायला मध्ये एक उभी रेघ, तिला पाइप म्हणतात. ही रेघ मला या सगळ्या शिक्षणातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. प्रत्येक आज्ञेला एकच काम येतं, आणि कुणाला पुढं कोण आहे याची फिकीर नाही. आमच्या फाउंड्रीत मोल्डिंग, पोअरिंग, फेटलिंग चालतं तसं.

यादी आली ती बघून हसावं की रडावं. एकच बेळगाव, अकरा स्पेलिंगं. इंग्रजांच्या वळणाचं बेलगाम, तेच सगळ्या मोठ्या अक्षरांत, मराठी उच्चाराचं, १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं सरकारी बेळगावी, त्यात एक 'ए' कमी असलेलं, शेवटी उगाच एक स्पेस असलेलं. मशीनला ही अकरा गावं वाटत होती. त्याच्या लेखी मोठा 'बी' आणि लहान 'बी'सुद्धा वेगळे.

घरी लॅपटॉपवर मराठीत करून बघितलं. 'बेळगाव' लिहून 'डब्ल्यूसी'ला मोजायला दिलं. त्यानं १९ सांगितले. बोटांवर मोजून बघितलं, काना-मात्रा वेगळ्या धरल्या तरी सहाच होतात. काकांनी उलगडा केला. तो अक्षरं मोजत नव्हता, बाइट, म्हणजे साठवणीची मापं, मोजत होता. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट, अठरा झाले, आणि ओळ संपल्याचा एक. डॅश-एम सांगितलं तर ७ म्हणतो. कन्नड लिपीलाही खुणेला तीनच. तिथं तरी दोन्ही राज्यांना सारखं माप आहे.

तर अकरा स्पेलिंगं. एकेक दुरुस्त करत बसलो असतो तर कुठलं बरोबर यावरून ऑफिसातच दोन तट पडले असते. तेवढ्यात १००६ आठवला. नाव बदललं तरी नंबर तोच. शहराचा पिन ५९० नं सुरू होतो, नाव बदलायच्या आधीही आणि नंतरही. तालुक्यांचे ५९१ नं. मग गावाच्या रकान्याकडं बघितलंच नाही. पिननं गट पाडले, बेरजा लावल्या. चार आज्ञा, तीन पाइप. दोन पार्ट्यांचे पिन चुकलेले निघाले, ते फोन करून विचारून घेतले.

कागद छापून मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वरून खाली बघितला, बेरजेवर बोट फिरवलं.

"बरं झालं की. खरं तो प्रिंटर सगळ्याच्या दोन दोन कॉप्या का काढूलालाय?"

मी खाली आलो आणि मॅन उघडलं.